माहेरच्या नावाचा रकाना

राजीनामा दिला त्या दिवसापासून माझं जेवण कमी झालं. घरात हे पहिल्यांदा ह्यांच्याच लक्षात आलं. "ह्या वयात माणसं गुडघे धरून बसतात," हे म्हणाले, "आन् तू दौंडला निघालीस नवी नोकरी धरायला. मग आता घास का उतरंना?" उतरत नव्हता हे खरं.

शिरूरच्या आमच्या हॉस्पिटलात मी केसपेपरच्या खिडकीवर लागले, तेव्हा कॉम्प्युटर आला नव्हता. आला तेव्हा त्याच्यासमोर कोणी बसेना, म्हणून मला बसवलं. शिकवलं असं कोणी नाही. पुण्याहून कंपनीची माणसं यायची, त्यांच्या पाठीमागं उभी राहून बघत गेले, चुकत गेले, विचारत गेले. करता करता सगळ्या हॉस्पिटलची कॉम्प्युटरवरची माहिती माझ्याच ताब्यात आली. दारावर पाटी लागली, हाताखाली माणसं आली, मोठे डॉक्टर मीटिंगला बोलवायला लागले. तरी मला सगळे बाईच म्हणतात, आणि काही अडलं की बाईंना फोन. तक्रार नोंदवायची सोय कंपनीनं कॉम्प्युटरवर करून दिलीय, तिकडं कोणी फिरकत नाही.

दौंडच्या त्या संस्थेचं एक मोठं हॉस्पिटल आहे आणि हायवेच्या कडेनं पार भांडगावपर्यंत दवाखाने आहेत. सगळीकडची माहिती एका जागी आणायची, त्यासाठी त्यांना प्रमुख पाहिजे होता. त्यांचे डॉक्टर एकदा शिरूरला आले होते. माझ्या स्क्रीनवरचा एक रकाना बघून थांबले, दोन प्रश्न विचारले, आणि पुढं कधीतरी त्यांचा फोन आला. भांडगाव माझं माहेर. मी हो म्हणून बसले. भीती नंतर आली.

तो रकाना म्हणजे बाईचं माहेरचं नाव आणि गाव.

आपल्याकडं पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते. खिडकीवर बाप उभा, मग नावापुढं नाव बापाचं लागतं. दुसऱ्या खेपेला तीच नवऱ्याबरोबर येते, तेव्हा आडनाव दुसरं, आणि लग्नात नाव बदललेलं असलं तर नावही दुसरं. कॉम्प्युटरच्या लेखी दोन बाया. अशाच एकीला एक इंजेक्शन सोसलं नव्हतं. ते लाल अक्षरांत नोंदवलेलं होतं, पण बापाच्या नावाच्या फायलीत. पुढच्या वेळी ती सासरच्या नावानं आली, फाइल कोरी करकरीत, सिस्टरनं सुई भरलेली. तेवढ्यात तिची आई डबा घेऊन दारात आली म्हणून निभावलं. वॉर्डात सिस्टर विचारतातच, पण कळा देणारी बाई काय सांगणार?

तेव्हापासून तो रकाना आहे. पण नुसता असून भागत नाही, विचारून भरावा लागतो. मी आपली विचारायची, "माहेर कुठलं गं तुझं?" एसटीत शेजारी बसलेलीला विचारावं तसं. मग ती भाऊ किती, भावजय कशी, इथपर्यंत येते आणि त्यात नाव आपोआप निघतं.

माझ्या जागेवर पुण्याचा एक इंजिनियर आला. मोठ्या हॉस्पिटलात काम केलेला, हुशार. जे करायला मला आठवडा लागायचा ते हा दुपारच्या चहापर्यंत करून ठेवायचा. खोट काढायला जागा नव्हती. फक्त आल्या आल्या म्हणाला, "मॅडम, हा रकाना काढून टाकला तर? आधार घेतोच की आपण."

"आधारवर कुणाचं माहेरचं नाव असतं, कुणाचं सासरचं. बदलायला कोण जातंय?"

"पण विचारायला अवघड वाटतं हो. नवरा शेजारी उभा असतो. म्हणतो, हिचं माहेर कशाला पाहिजे तुम्हाला?"

"मग त्यालाच विचारा, सासुरवाडी कुठली. लगेच सांगेल. मान मिळतो ना तिथं."

तो हसला. हो काही म्हणाला नाही.

तेच माझ्या मनात अडकून राहिलं. बाकी सगळं तो सांभाळील, माझ्यापेक्षा बरं सांभाळील. पण विचारील का? मी गेल्यावर ती जागा रिकामी राहत जाईल, आणि एखाद्या पोरीची आई नेमकी त्या दिवशी डबा घेऊन येणार नाही. भाकरी थापता थापता हेच डोक्यात. तव्यावर करपली तरी कळायचं नाही.

शेवटी मी ठरवलं, जायच्या आधी एक दिवस नाहीसं होऊन बघायचं. कागदपत्रं द्यायला दौंडला जायचंच होतं. त्याला सांगितलं, "उद्या माझा फोन बंद. तुमचं तुम्ही बघा."

"आणि आग लागली तर?"

"तर पाणी मारा."

बोलायला सोपं. शिरूरच्या स्टँडवर एसटीत बसले, फोन बंद केला, आणि न्हावरा गेलं तरी तो हातात धरूनच बसले होते. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बिघडला व्हय?"

"न्हाई, मीच बंद केलाय."

ती जरा सरकून बसली.

दौंडला माझी खोली दाखवली. टेबल नवं, खुर्चीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. त्यावर बसले तर करकर वाजायला लागलं. उठले आणि खाली केसपेपरच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. दुसरीकडं मला सुचतच नाही.

खिडकीवर एक गरवार पोरगी, बरोबर तिची आई. आतल्या मुलीनं आधार मागितलं, टकाटका नाव घातलं, कागद हातात दिला. "पुढचं कोण?"

मला राहवलं नाही. "माहेर कुठलं गं तुझं?"

पोरीच्या आधी आई बोलली. "ह्येच की माहेर. आमच्याकडं आलीया बाळंतपणाला, काल. सासर तिकडं शिरूरकडं."

"मग तपासण्या तिकडंच केल्या असतील?"

"व्हय, शिरूरच्या मोठ्या दवाखान्यात. कायतरी सांगितलं होतं बघा हिला, अमुक औषध घिऊ नको म्हनून. कागद ऱ्हायला सासरी. जावयाला म्हटलं आणून द्या, तर ते आज देतो, उद्या देतो."

शिरूरचा मोठा दवाखाना म्हणजे आमचाच. पोरीला विचारलं, "तुझी माहिती मागवू का तिथनं?" तिनं मान हलवली. फोन चालू केला, आणि मग माझ्या मनात आलं ते मी केलं. पोरगी नुसती नाव घालायला आली होती, दुखत खुपत काही नव्हतं, घाई नव्हती. मी शिरूरला त्या इंजिनियरला फक्त कागदावरचं नाव-आडनाव सांगितलं. बापाच्या घरचं, पण तसं म्हटलं नाही.

कळा दाबल्याचा आवाज आला. "ह्या नावानं आपल्याकडं कोणीच नाही, मॅडम."

'रकान्यात बघा' जिभेवर होतं, ते दाताखाली धरलं. मला वाटलं आता हा ठेवतो म्हणणार. आई माझ्या तोंडाकडं बघतीय.

"तुम्ही दौंडवरून बोलताय ना?" तो म्हणाला. "मग हे माहेरचं असणार. थांबा, त्या रकान्यात शोधतो." परत कळा वाजल्या. "दोघी निघतायत. वडिलांचं नाव?"

सांगितलं.

"सापडली. इथं नाव दुसरंच आहे. लाल खूण आहे मॅडम, एका औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या. तिथल्या डॉक्टरांना फोन द्या, मी आपल्या डॉक्टरांशी जोडून देतो."

"रकाना भरला कुणी?"

"मीच. मागच्या आठवड्यात आली होती. नवरा नव्हता बरोबर, सासू होती. मग सासूलाच विचारलं, सून कुठली केली? बोलत बसल्या, मला जेवायला जाऊ दिलं नाही त्यांनी." मग जरा थांबून म्हणाला, "आधी कोरा होता, मॅडम."

आधी म्हणजे माझ्याच वेळी.

"आणि तुमचा फोन आज बंद असणार होता ना?"

मी म्हटलं, "बंदच आहे. डॉक्टरांकडं देते."

डॉक्टरांचं डॉक्टरांशी बोलणं झालं. खिडकीतल्या मुलीनं ते औषध आणि सासरचं नाव कुठं लिहू म्हणून स्क्रीन वरखाली केली, पण माहेर-सासर दोन्ही नावं घालायला तिच्याकडं जागाच नव्हती. शेवटी तिनं केसपेपरच्या कडेला पेनानं लिहिलं. लिहिताना म्हणाली, "मॅडम, अशा तर रोज येतात हो." वर जाऊन मी खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं, घडी करून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि नेमणुकीच्या कागदावर सही केली.

परतीच्या एसटीत फोन चालू ठेवला. चौफुला गेला, न्हावरा गेलं, शिरूर आलं, घोडनदीचा बाजार दिसायला लागला. कोणाचाच फोन आला नाही. मी काढून दोनदा बघितला. रेंज होती.