चूक आप्पांची

आमच्या ऑफिसात प्रोग्राम कोसळला की चूक कोणाची हे शोधायच्या आधीच आप्पा ती स्वतःच्या नावावर घेऊन टाकायचे. सात रस्ता चौकातल्या त्या लहानशा ऑफिसात नियमच होता, ज्याची चूक त्याची भजी. आप्पा आधी भजी मागवत आणि म्हणत, "चूक माजी हाय. खावा, आन आता बिनघोर बगा की." जो तो आपला कोड झाकण्यात गुंतला तर बिघाड सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. आम्ही त्यांना चिडवायचो, पण भजी सोडायचो नाही.

चादरीची नक्षी लिहायला आम्ही एक छोटी भाषा केली होती. तिची ओळ न् ओळ वाचून यंत्रमागाला हुकूम सोडणारा इंटरप्रीटर सी भाषेत होता आणि त्याचा सगळ्यात तळाचा, मेमरी सांभाळणारा भाग आप्पांचा. अक्कलकोटकडचा हा माणूस कोड वाचताना कन्नडमध्ये पुटपुटायचा आणि स्क्रीनवर बोट फिरवून तेलकट डाग पाडायचा.

एका गिऱ्हाइकाकडे मोराची मान विणून झाली की प्रोग्राम धाडकन कोसळायला लागला. माग बंद पडले. ऑफिसात नव्याने आलेले साहेब तणतणत आमच्यापुढे उभे राहिले. "चूक कोणाची?" भजीची पुडी नुकतीच सुटली होती. आप्पा सवयीने म्हणाले, "माजीच, सायेब."

साहेबांना आमचा नियम ठाऊक नव्हता. आम्हाला होता. आप्पांच्या त्या भागात मध्यंतरी मीच हात घातला होता, हेही मला ठाऊक होतं. पण तोंडात भजी होती, म्हणून गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगत आलो. आप्पांना त्याच महिन्यात नारळ मिळाला.

मोर मात्र कोसळतच राहिला. शेवटी निलाजरेपणाने मीच त्यांना फोन केला आणि कोड वाचून दाखवला.

"थांब," ते म्हणाले. "जेवनारा अजून उटला न्हाय, आन कुनीतरी ताट उचललंय बग."

वापरात असलेली मेमरी आधीच मोकळी होत होती. ती मोकळी करणारी ओळ माझी होती. कोणाची, हे आप्पांनी विचारलंही नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन ठेवताना ते जरा घुटमळले. "घरी बसून लई दिवस झाले रं. माजी जागा रिकामी असली, तर सायबाला इचारशील का?"

त्या जागेवर साहेबांनी मला बसवलं होतं.

"विचारतो," मी म्हणालो.