जावयाच्या गाडीचा पंप

मल्लाप्पा मिस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी इंजिनाकडे बघतच नसत. गाडीच्या मागे उकिडवे बसत, सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवत आणि ते काळं बोट सरळ मालकाच्या मनगटाला पुसत. "हे तुझंच डिझेल हाय. जळालं न्हाय, आता घरी घिऊन जा." मोठमोठे कारखानदार त्यांच्यापुढे निमूट हात पुढे करायचे. सगळे त्यांना अप्पा म्हणत. कागल रस्त्याला त्यांचं डिझेल इंजिनांचे पंप-नोझल दुरुस्त करायचं दुकान आणि शेजारी माझं बॅटरीचं, त्यामुळे नव्वदच्या दशकातली त्यांची सगळी भांडणं मी फुकटात ऐकली.

पिकअपच्या इंजिनात किती डिझेल जायचं, ते त्या काळी पंपावरच्या एका स्क्रूवर ठरायचं. अप्पा तो बसवून वर शिशाचं सील मारत. त्याआधी चौकशी ठरलेली: "रोज पळवायची हाय, वझं वढायचं हाय, का नुस्ती मिरवायची हाय?" पहिल्या दोघांना चहा मिळे, तिसऱ्याला शिव्या. मीही एकदा माझ्या गाडीला जास्त जोर मागून बघितला. "काळा धूर म्हंजे जोर वाटतोय व्हय रं तुला? पिस्टन वितळला की बसशील बोंबलत!" चारचौघांत माझी पार शोभा झाली. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही.

अप्पांना एकुलती एक लेक, सुवर्णा. जावई मांडववाला. पिकअपच्या मागे चाकांवरचा जनरेटर जोडून लग्नघरी न्यायचा. एका अधिक महिन्यात तो धोंडे जेवायला आला. अधिकात जावई म्हणजे देवच, त्याला नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. मीही पंगतीला होतो. अप्पांनी ताटाशेजारी अंगठीची डबी ठेवली, ती जावयाने बाजूला सरकवली.

"मामा, सोनं नको. पन्हाळ्याच्या घाटात गाडी दम टाकती. जरा जोर द्या."

"पावणं, गाडीचं सोडून कायबी मागा की."

"मागितलं ते मागितलं, मामा."

वाढणं थांबलं. सुवर्णा स्वयंपाकघराच्या दारातून बापाकडे बघत होती. आता आवाज चढणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. अप्पा उठले, हात धुतले आणि दुपारीच त्यांनी जावयाच्या पंपाचं सील स्वतः तोडून डिझेल वाढवलं. गाडी काळा लोट सोडत निघाली तेव्हा ते रस्त्याकडे पाठ करून पाने-पकडी पुसत बसले होते.

लग्नसराईत त्याच गाडीतून सुवर्णा आणि जावई पन्हाळ्याला निघाले, मागे जनरेटर होताच. अर्ध्या घाटात पिस्टन वितळून इंजिन जाम झालं. इंजिन बंद पडल्यावर ब्रेकचं पेडलही दगडासारखं घट्ट झालं, दाबून दाबलं जाईना. जनरेटरने गाडी मागे खेचली आणि ती डोंगराकडच्या गटारात कलंडली. जावयाला खरचटलं. सुवर्णाचा उजवा हात मोडला.

मी अप्पांना दवाखान्यात घेऊन गेलो, पण ते पायरीच्या वर चढेनात. जावई बाहेर येऊन म्हणाला, "मामा, तुमचा काय दोष? मीच मागितलं की." त्याने ते बरं वाटावं म्हणूनच म्हटलं, पण अप्पांचा चेहरा आणखी उतरला.

"त्येंला ठावं नव्हतं," ते मला म्हणाले. "मला ठावं हुतं."

त्यानंतर दुकानातला आरडाओरडा थांबला. कुणी जास्त जोर मागायला आलं की खालमानेनं म्हणायचे, "दुसरीकडं जावा." एवढा मोठा माणूस असा लाजून बसलेला बघायची मलाच लाज वाटे, मी वाट वाकडी करून चहाला जायचो. सुवर्णा सणाला आली की अप्पांना हमखास बाहेरचं काम निघे. घरात गाठ पडलीच, तर तिच्या पावलांकडे बघत बोलायचे.

पुढे काही वर्षांनी अप्पा गेले. भेटायला गेलो, तेव्हा सुवर्णा बंद दुकानाच्या पायरीवर बसली होती. समजूत घालायची म्हणून मी म्हणालो, "फार जीव होता गं त्यांचा तुझ्यावर."

तिने उजवा हात माझ्यापुढे धरला, मूठ मिटून उघडून दाखवली.

"ह्यो कवाच जुळला, काका. कितींदा म्हटलं, अप्पा, वर बघा की माझ्याकडं. हात जुळला, पर बाप काय परत गावला न्हाय मला."