मधली खुर्ची

वसुमतीबाईंना विमानाची भीती नव्हती. ते वर कसं राहतं, पडलं तर काय, हे प्रश्न त्यांनी विमान चालवणाऱ्यावर सोडून दिले होते. त्यांना धास्ती होती ती खुर्चीची.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण पन्नाशी उलटली तरी ही बाई जेवली ती पाटावर, तांदूळ निवडले ते जमिनीवर, शिवण-टिपण केलं ते चटईवर. बसायचं म्हणजे मांडी घालून, फार तर एक गुडघा उभा करून. आगगाडीतसुद्धा त्या बाकावर पाय वर घेऊन बसायच्या आणि शेजारच्या बायका तशाच बसलेल्या असल्यामुळे कुणाला काही वाटायचं नाही. राजाजीनगरच्या त्यांच्या घरात खुर्च्या होत्या, नाही असं नाही. दिवाणखान्यात हातांच्या दोन चांगल्या वेताच्या खुर्च्या होत्या. त्या अण्णांच्या आणि आल्यागेल्या पुरुषांच्या. वसुमतीबाई त्या रोज पुसायच्या.

अण्णा म्हणजे त्यांचे थोरले दीर, हयवदनराव. सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, किडकिडीत, मोजकं बोलणारे. वसुमतीबाई आनेकलहून लग्न होऊन या घरात आल्या तेव्हापासून त्यांनी अण्णांसमोर कधी बूड टेकलं नव्हतं. अण्णा खोलीत आले की त्या उठायच्या, भिंतीशी सरायच्या. पुढं नवरा, विश्वेश्वर, तापानं गेला. पदरात लहानगा त्रिविक्रम आणि त्याहून लहान विमला. तेव्हा आळीतल्या सोवळ्या म्हाताऱ्या न्हाव्याला बोलवा म्हणून बसल्या होत्या, आणि अण्णांनी दारातूनच त्यांना वाटेला लावलं. डोक्यावरचे केस राहिले ते अण्णांमुळे, हे वसुमतीबाईंना कळलं तेही दुसऱ्याच्या तोंडून. कारण अण्णा भावजयीशी बोलत नसत. कॉफी हवी असली की ते दिवाणखान्यातल्या खांबाकडे बघून म्हणायचे, "कॉफी झाली असेल तर बरं होईल." आणि आतून पेला यायचा. इतकी वर्षं त्या खांबावर या घराचा संसार चालला होता.

तर आता चौसष्ट सालात त्रिविक्रम लंडनला इंजिनिअर होता आणि त्याची बायको चंपा दिवसांत होती. मागल्या खेपेला तिचं मूल सातव्या महिन्यात गेलं. चंपाला आई नाही, सासूच काय ती. त्रिविक्रमनं तिकीट पाठवलं होतं, सगळ्यात स्वस्तातल्या वर्गाचं, आणि फोनवर खरखरीतून एवढंच म्हणाला होता, "आई, ती रात्रभर जागी असते. तू ये." हे ऐकल्यापासून वसुमतीबाईंचं कामात लक्ष नव्हतं. भात शिजवताना, तुळशीला पाणी घालताना त्यांच्या डोळ्यांपुढं ती पोर असायची, परक्या गावात, पोटावर हात ठेवून एकटी बसलेली.

आणि जायच्या आड यायचे ते यांचे पाय. पाय थोडा वेळ जरी खाली सोडले तरी घोटे सुजायचे. डॉक्टरीणबाईंनी बोट दाबून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि सांगितलं, "एक अख्खी दुपार खुर्चीवर बसून दाखवा. मध्ये उठायचं ते सावकाश, जागच्या जागी. ताडकन उठलात तर भोवळ येईल. संध्याकाळी सूज माफक असली तर जा. नाहीतर मी जा म्हणणार नाही, अर्ध्या वाटेत उतरवून दवाखान्यात घालतील तुम्हाला." त्या अर्ध्या वाटेतल्या दवाखान्याचं चित्र वसुमतीबाईंच्या डोक्यात असं बसलं की निघेना. इकडे आपण वाळवंटातल्या कुठल्या गावी खाटेवर आणि तिकडे चंपाला कळा सुरू.

विमला टेलिफोन कारखान्यात नोकरीला होती आणि कुठलंही काम रीतसर केल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिनं शेजारच्या कृष्णमूर्तींना गाठलं. ते विमान कंपनीच्या तिकीट ऑफिसात बसायचे. स्वतः कधी विमानात चढले नव्हते, पण माहिती भरपूर. त्यांनी दिवाणखान्यात येऊन हातवारे करून, मध्ये मध्ये कानडी शब्द पेरत सगळं मांडलं. तीन-तीन खुर्च्या चिकटून, मध्ये हात, त्यामुळे मांडी घालणं विसरा. समोरच्या खुर्चीची पाठ गुडघ्याला लागते, आणि तो माणूस मागं रेलला तर थेट मांडीवर. कान दडपले की चघळायला गोळ्या देतात. पांघरूण देतात, पण स्वल्प लहान. करमणुकीला पत्त्यांचा जोड आणि चित्रांची मासिकं.

"सिनेमा दाखवतात म्हणे?" विमलानं विचारलं.

"कुठं कुठं दाखवतात, पण पुढच्या वर्गात. तुमच्या वर्गात करमणूक म्हणजे शेजारचा पॅसेंजर. तो एकतर बोलतो, नाहीतर झोपतो. सरी, ते असो. जागा मिळाली आहे ती मधली."

मधली! वसुमतीबाईंनी पदर आवरून घेतला. दोन्ही बाजूंना परके पुरुष, आणि आपण मध्ये.

विमलानं घरातल्या दोन खुर्च्या आणि कृष्णमूर्तींकडून आणलेली एक अशा तीन खुर्च्या ओळीनं लावल्या. समोर मोठी लोखंडी ट्रंक उभी केली, ती पुढच्या खुर्चीची पाठ. जुन्या होल्डॉलचा पट्टा मधल्या खुर्चीच्या मागून ओवून घेतला, तो कमरेचा पट्टा. आईला बसवलं, पट्टा आवळला आणि म्हणाली, "हं. निघालं विमान."

विमान निघालं आणि बसस्टॉपही यायच्या आत थांबलं, कारण अण्णा पाणी प्यायला बाहेर आले. वसुमतीबाई ताडकन उठल्या, जुना पट्टा निसटला. गुडघा ट्रंकेवर आपटला, डोळ्यांपुढं अंधारी आली. अण्णांनी त्या तीन खुर्च्यांकडे, ट्रंकेकडे, भिंतीशी लागलेल्या भावजयीकडे पाहिलं, खांबाला काहीही सांगितलं नाही आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी अण्णा बाहेर येण्याआधी खोकले, तर वसुमतीबाई खोकल्यालाच उठल्या. विमला चिडली. "अगं, तुला पट्टा बांधलाय! विमानात काय, दर पुरुष उठला की उठणार आहेस?"

"मुद्दाम उठते की काय मी? पायच उठतात. मला कळेपर्यंत उभी असते मी."

"मग मी अण्णांना सांगते, दुपारी बाहेर येऊ नका म्हणून."

"खबरदार! त्यांच्या घरात त्यांनाच कोंडायचं? माझ्या पायांसाठी?" बोलता बोलता त्यांना रडू आलं. "नको मला ते लंडन. पण त्या पोरीचं काय होईल गं विमला?"

शिवाय अण्णांच्या मनात काय आहे हेच कुणाला कळत नव्हतं. समुद्रापलीकडे जाणं, परक्या हातचं पाणी, शेजारी कोण कुठल्या जाती-धर्माचा. त्यांच्या आईच्या काळात या घरानं असलं काही चालू दिलं नसतं. तिकीट आल्याचं सांगितलं तेव्हा अण्णा फक्त "हं" म्हणाले होते. त्या "हं"वर माय-लेकींनी चार दिवस काथ्याकूट केला. वसुमतीबाईंची खात्री होत चालली की त्यांना हे पसंत नाही, आणि ते पसंत नसताना आपण त्यांच्याच दिवाणखान्यात त्यांच्या खुर्चीवर बसून सराव करतोय. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शनिवार उजाडला. संध्याकाळी डॉक्टरीणबाई पाय बघायला येणार होत्या, म्हणजे ही दुपार शेवटची. विमला अर्ध्या दिवसाची रजा काढून घरी आली. जेवणं झाली, वसुमतीबाईंना पट्टा या वेळी घट्ट आवळून बांधला. त्या नावापुरत्या टेकल्या होत्या. सगळं लक्ष अण्णांच्या दाराकडे.

दार उघडलं. अण्णा बाहेर आले ते बंद गळ्याचा कोट घालून, डोक्याला रुमाल बांधून, हातात काठी. कुठं लग्नाला निघाल्यासारखे. वसुमतीबाई उठल्या, आणि पट्टा घट्ट असल्यामुळे खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

अण्णा विमलाकडे वळले. "वाटेकडची जागा कुठली?"

विमलानं बोट दाखवलं. अण्णा सावकाश आले, काठी ट्रंकेला टेकवली आणि भावजयीच्या शेजारच्या खुर्चीत बसले. मग समोरच्या ट्रंकेकडे बघत म्हणाले, "विमान सुटायच्या वेळी उभं राहू देत नाहीत म्हणे."

हे कुणाला म्हटलं हे उघड होतं. खांब तर मागं होता. खाली खुर्ची होतीच. वसुमतीबाई तिच्यात पडल्या म्हणायचं. अंग चोरून, पदर ओढून, श्वास धरून बसल्या. त्यांच्या आणि अण्णांच्या मध्ये खुर्चीच्या हाताएवढी लाकडाची पट्टी. विमला हळूच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. मग अण्णांनी घसा साफ केला.

"कुठवर निघालात?"

वसुमतीबाईंना आधी वाटलं, विमलाला विचारताहेत. मग ध्यानात आलं. शेजारचा पॅसेंजर बोलत होता. आणि पॅसेंजरला उत्तर द्यायला कशाची आडकाठी?

"लंडनला," त्या पुटपुटल्या. "मुलाकडं."

"एकट्याच?"

"होय."

"भीती वाटते का?"

या प्रश्नावर त्यांचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना या घरात कुणी विचारलाच नव्हता. विश्वेश्वर गेला तेव्हा नाही, त्रिविक्रम बोटीत चढला तेव्हा नाही. "वाटते," त्या म्हणाल्या. "फार वाटते. सून अवघडलेली आहे. मी पोचेपर्यंत काही झालं तर, म्हणून. आणि हे पाय..."

"दुखतात?"

"मुंग्या येतात."

"बोटं हलवत राहा आतल्या आत. मी सर्व्हेला घोड्यावर तेच करायचो."

त्यांनी बोटं हलवली. अण्णा ट्रंकेवरच्या गंजलेल्या कुलपाकडे बघत होते. थोड्या वेळानं तेच बोलू लागले, खालच्या आवाजात, अनोळखी माणूस प्रवासात बोलतो तसे.

"माझी बायको होती. अंबू. नोकरी शिमोग्याकडच्या जंगलात, तिचे दिवस भरत आलेले. मी आईला लिहिलं, ये म्हणून. आई आली नाही. गाडीत शेजारी कोण बसेल, पाणी कुठलं प्यावं लागेल. तिचं सोवळं कडक. मीही पुन्हा लिहिलं नाही. आईला आग्रह कसा करायचा? अंबू दोन दिवस अडली. जवळ बाईमाणूस कुणी नाही. मी दाराबाहेर. आतून ती मला हाक मारत होती आणि मी आत गेलो नाही. पुरुषानं जायचं नसतं ना."

जाऊबाई बाळंतपणात गेल्या एवढंच वसुमतीबाईंना ठाऊक होतं. या घरात अंबूबाईंचं नाव त्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही कुणाच्या तोंडून! बोलायचं खूप होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मूल?"

"मुलगी होती. तीही."

रस्त्यावरून बस गेली तेव्हा खिडकीची तावदानं थरथरली.

"तुम्ही जाताय हे फार चांगलं करताय," अण्णा म्हणाले. "शेजारी कोणीही बसू दे. कुठलंही पाणी प्या. पण जा."

वसुमतीबाई बोटं हलवत राहिल्या, रडत राहिल्या, पदरानं नाक पुसत राहिल्या. केव्हातरी त्यांच्या ध्यानात आलं की आपण खुर्चीला पाठ टेकली आहे. ऊन दाराकडून ट्रंकेवर आलं. अण्णांची मान पुढं लवली, सावरली, पुन्हा लवली. म्हातारा माणूस, दुपारची वेळ, अंगात जाड कोट. रुमाल सैल झाला. आणि सावकाश, अगदी सावकाश, त्यांचं डोकं कलत कलत भावजयीच्या खांद्यावर येऊन टेकलं.

वसुमतीबाई ताठ झाल्या. ज्या माणसाची सावली ओलांडली नव्हती, त्याचा श्वास मानेला लागत होता. कानामागचे पांढरे केस दिसत होते. काय करावं? ओरडावं? सरकावं? सरकायला जागाच नव्हती. हळूहळू त्यांनी खांदा सैल सोडला, डोकं नीट बसेल असा.

दारात उन्हं कलली तेव्हा विमला पावलं न वाजवता पुढं आली. अण्णांना बघून तिनं तोंडावर हात ठेवला. मग खाली बसून आईच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला, थोडा वेळ राहिला आणि भरून आला. सूज होती, पण माफक.

"जमलं गं आई," ती कुजबुजली. डोळे पुसत तिनं पट्ट्याचं बक्कल सोडलं. "जाशील तू. ऊठ आता, बास झालं. डॉक्टरीणबाई येतीलच."

वसुमतीबाईंनी मान हलवली, ती नकाराची. त्यांचा एक पाय पार बधिर झाला होता, खांदा भरून आला होता.

"स्वल्प थांब," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "त्यांना झोप लागलीय."