इन्शिराहचा आजारी मुलगा

इन्शिराहचा मोआज शाळेत पहिला यायचा, सहा फूट उंच होता आणि एका बैठकीत दहा-बारा तामिया वडे हाणायचा. पण आईच्या तोंडून ऐकाल तर पोरगं आज जातं की उद्या. चांगलं बोललं की दृष्ट लागते, हे आमच्या झगाझीग गावात शेंबड्या पोरालाही कळतं. इन्शिराहला जरा जास्तच कळायचं.

आम्ही दोघी एकाच इस्पितळात नर्स, अकरा वर्षं. तिला मुलाला घेऊन आयर्लंडला जायचं होतं. तिथली नोकरी ठरली होती, अडलं होतं फक्त इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेवर. दोनदा आपटली होती. तिसऱ्यांदा आपटली तर तिकडचे लोक दुसरी नर्स बघणार होते.

"सरावाला माणूस हवा," मी म्हटलं आणि माझ्याच फोनवर शोधायला लागले. पहिला मिळाला अल्जीरियाचा इंजिनिअर. त्याने दुसऱ्याच दिवशी लग्नाचं विचारलं. व्याकरण कच्चं, पण घाई पक्की. मग एक कोरियन मुलगी आली. ती आणि इन्शिराह लाजून कॅमेरा वर फिरवून वीस मिनिटं एकमेकींचं छत बघत बसल्या. तिसरी रोसाउरा, पेरू देशातली. तिलाही हीच परीक्षा द्यायची होती. तिची सकाळ ती आमची दुपार, म्हणून ड्यूटी संपली की आम्ही चादरींच्या खोलीत दार लावून बसायचो.

"मुलगा कसा आहे?" रोसाउरा विचारायची.

"अशक्त आहे. फुप्फुसं कमजोर."

"आणि अभ्यासात?"

"डोकं चालत नाही बिचाऱ्याचं."

रोज नवा रोग. नर्सच ती, तिला रोगांचा काय तुटवडा? पहिल्या महिन्यात अडखळणारी बाई दुसऱ्या महिन्यात मोआजच्या यकृतावर न थांबता बोलू लागली. तिकडे रोसाउरा डोळे पुसायची. तिने चर्चमध्ये प्रार्थना ठेवली, मेणबत्तीचा फोटो पाठवला. मग मात्र मला राहवेना.

"अगं बाई, तो रेड्यासारखा धडधाकट आहे," मी मध्ये तोंड घातलं. "शाळेत पहिला येतो."

इन्शिराहने फोन खाडकन बंद केला. आणि माझं नशीब असं की त्याच आठवड्यात मोआजला ताप आला.

"लावलीस दृष्ट? झालं समाधान?"

"अगं, अख्ख्या शाळेत साथ आहे."

"साथ बाकीच्यांना. माझ्या पोराला तू."

मी त्यांच्या घरी जाऊन त्याला इंजेक्शनं दिली, तरी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी बोलली, कारण तिच्या फोनचा कॅमेरा फुटका होता आणि सरावाला माझाच फोन लागायचा.

परीक्षेला मी तिच्यासोबत कैरोला गेले. बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा.

"काय विचारलं?"

"घरातल्या कुणाचा अभिमान वाटतो ते सांगा."

"मग?"

"मग काय, मोआजबद्दल बोलले. अशक्त आहे, डोकं चालत नाही, तरी रोज शाळेत जातो. मॅडम डोळे टिपत होत्या. त्यांनी थांबवलं तेव्हा मी आतड्यांपर्यंत पोचले होते."

पुढच्या आठवड्यात निकाल लागला. "नापास," ती म्हणाली. गल्लीभर तेच सांगितलं. मी तिच्या गळ्यात पडून रडले, महशीचं, म्हणजे भात भरलेल्या भाज्यांचं, पातेलं भरून नेऊन दिलं. तिने ते रिकामं करून, धुऊन परत केलं. तीन आठवड्यांनी बघते तर दाराला कुलूप. वरच्या मजल्यावरची बाई म्हणाली, मायलेक सामान घेऊन विमानतळावर गेले.

मला राग आला, खोटं कशाला सांगू? तिच्यासाठी त्या अल्जीरियाच्या गाढवाला हाकललं मी, तापात पोराच्या उशाशी बसले मी, आणि शेवटी मलाही तिने गल्लीतल्या वाईट नजरांत जमा केलं. ठरवलं, हिचा फोन आला तरी उचलायचा नाही.

फोन आलाच नाही. महिन्याने चार ओळींचा निरोप आला.

"घर कोंदट आहे. काम जिवावर येतं. मोआजला कॉलेजात घेतलं, पण दया म्हणून. आणि तुझी तर मला आठवणसुद्धा येत नाही."

मी चादरींच्या खोलीत गेले, दार लावलं आणि मनसोक्त रडले.