कापसाच्या गोण्या
कापसाची गाडी शेजारून गेली, तो वास आला आणि धरणगावचं बंद पडलेलं जुनं जिनिंग, कापसातून सरकी काढायचा कारखाना, आठवलं. तिथे आम्ही संगीत महोत्सव ठेवला होता. सकाळी गायिकेने सूर लावला, तो पत्र्याखाली इतका घुमला की ती तानपुरा गवसणीत घालू लागली. म्हणाली, "इथे गाणं होणार नाही." तिथेच कापूस वाहून म्हातारे झालेले नाना भिंतीला हात लावून म्हणाले, "हाई इमारत कापूसनी शे. कापूस आणा, आवाज बठी जाई." इमारत कापसासाठी बांधलेली, कापूस भरला की घुमणं थांबेल, असं त्यांचं म्हणणं. आम्ही घरोघरी मागून गोण्या आणल्या, चारी भिंतींना डोक्याइतक्या उंचीची थप्पी लावली. संध्याकाळी तिचा षड्ज जागेवर राहिला. आता कुणी 'इथे होणार नाही' म्हटलं, की मी आधी विचारते, ही जागा कशासाठी बांधली होती.