परक्या गवयांचं पान

आमच्या घरात इंग्रजी गाणाऱ्यांची नावं कुणालाच धड घेता यायची नाहीत. म्हणून आम्ही त्यांना घरचीच नावं ठेवली. एक चष्मेवाला, एक केसाळ, एक घोगरी आणि एक नुसताच 'तो'. 'तो' गिटार वाजवायचा. आमच्या यजमानांचा जीव त्याच्यावर जास्त, म्हणून त्याला वेगळं नाव लागलंच नाही. "त्याची लाव गो," म्हटलं की मी ओळखायची. आता त्या चौघांतलं कुणी उरलेलं नाही, आणि यजमानही नाहीत.

गाण्याचं वेड मला आधीपासूनचं. माझं माहेर नांदगावकडचं. दशावतार आला की बाकीच्या मुली राजाचे कपडे बघायला पुढे बसायच्या, मी पेटीवाल्याच्या मागे जाऊन बसायची. त्याची बोटं बघत. शिकले काही नाही, शिकवणार कोण? पण कान तयार झाला. लग्न होऊन कुणकेश्वरच्या बाजूला आले तर नवरा बोटीवर, इंजिनात. नऊ-दहा महिने बाहेर, मग दोन महिने घरी. एका खेपेला त्यांनी टेप आणि पिशवीभर कॅसेटी आणल्या. मला वाटलं भावगीतं असतील. लावली तर काय, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखा आवाज! सासूबाई आतून ओरडल्या, "काय पडला गो?"

पण ते परत बोटीवर गेल्यावर घर खायला उठायचं. तेव्हा मी त्याच कॅसेटी लावायला लागले. गाणं आवडलं म्हणून नाही हो, त्यांनी हाताळलेली वस्तू म्हणून. बांगडे साफ करताना लावायची, भात सडताना लावायची. असं करता करता एक दिवस लक्षात आलं की गिटार कुठे वर चढणार आणि कुठे खाली येणार ते मला आधीच कळतंय. शब्द एक कळत नव्हता. अजून कळत नाही. घोगरी गायची तेव्हा मात्र वाटायचं, हिचं कुणीतरी गेलंय. ते सांगायला इंग्रजी कशाला लागतं?

सासूबाई गेल्या तेव्हा हे भर समुद्रात होते. बोटीवर तार पोचली, पण बोट काही मागे फिरत नाही. इथे सगळे दिवस धाकट्या दिरांनी केले. बोटीवर यांनी एका खलाशाकडून डोकं भादरून घेतलं आणि रोज जेवणातला पहिला घास समुद्रात टाकला. रडू मात्र येईना. खालच्या बाकड्यावर झोपणारा एक परदेशी खलाशी होता. त्याने न बोलता आपला टेप आणि कानाला लावायचं यंत्र यांच्या हातात दिलं. त्यात 'तो' होता. ड्युटी संपली की हे तेच ऐकत पडायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या गिटारीने रडू काढलं, असं मला सांगितलं होतं.

पण मला एकटीलाच सांगितलं असतं तर बरं. घरी आल्यावर भोळेपणाने भावालाही सांगितलं, आणि तेही अर्धंच. रडण्याचं गाळलं. दिरांच्या डोक्यात एवढंच राहिलं की घरात सुतक असताना हा तिकडे गाणी ऐकत होता. मोठा भाऊ म्हणून तोंडावर कधी बोलले नाहीत. मला तेवढं ऐकवायचे.

यजमान निवृत्त झाले आणि काही वर्षांनी टीव्हीवर दाखवलं की 'तो' गेला. त्या वर्षी पितृपक्षात म्हाळाला, आमच्याकडे तो सर्वपित्रीलाच असतो, यजमान मला म्हणाले, "एक पान जास्ती काप." भटजींनी विचारलं, कुणाचं? हे म्हणाले, "माझ्या एका गुरूचा. पण तो परक्या मुलखातलो." भटजी वयस्कर होते, हसले नाहीत. म्हणाले, आपले पितर झाले की आप्त, मित्र, गुरू, ज्यांना कुणी नाही ते, सगळ्यांना देता येतं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप म्हणायचं. झालं. तेव्हापासून आमच्या म्हाळाला काश्यप गोत्राचा एक गिटारवाला जेवायला लागला.

मग जो जो गेला तो त्याच पानावर आला. चष्मेवाला आला, केसाळ आला. दर माणशी एक वडा वाढवायचा, काळ्या वाटाण्याचं सांबारं सगळ्यांत मिळून. घोगरी फार आधी, तरुणपणीच गेलेली. तिचं अविधवा नवमीला करायचं की अमावस्येला, यावर आमचं भांडण झालं. लग्न झालेलं होतं की नव्हतं, आम्हांला काय माहीत! शेवटी हे म्हणाले, "तिका ह्यांच्यातच बसव. एकटी कित्याक?"

गेल्या वर्षी हे गेले. वर्षश्राद्ध झालं आणि यंदा त्यांचा पहिला म्हाळ आला. मुलगा रजा काढून मुंबईहून आला. विधी तो करणार, पण घरात शब्द आता धाकट्या दिरांचा. पहाटेपासून मी आणि सुनेने वडे तळले. पानं कापताना मी सवयीने एक जास्त कापलं. दिरांनी बघितलं.

"ह्या कोणाचा?"

"तुमका म्हायत आसा कोणाचा."

"वयनी, दादा होतो तोपर्यंत ठीक होता. आता पुरे. तेंका जाळतत नाय, पुरतत. वडे-सांबारा सोसतला तेंका?"

"इतकी वर्सा सोसला ता?"

सून तोंडाला पदर लावून हसली. दीर नाही हसले. पान उचलून त्यांनी बाजूला ठेवलं.

"आये गेली तेव्हा घरात सुतक, आणि ह्यो थंय गाणी आयकत लोळत होतो. आणि त्याच गाणाऱ्यांका माझ्या घरात आयेच्या बाजूक बसवू? नाय. माझ्या देखत नाय."

मी मुलाकडे बघितलं. तो म्हणाला, "काका म्हणतील तसं." त्याचंही चुकलं नाही. आदल्या दिवशी येऊन दुसऱ्या दिवशी जाणाऱ्या माणसाने घरात वाद कशाला घ्यावा? पण मला ते पान ठेवायचंच होतं. यांनी माझ्याकडे शेवटी काही मागितलं नव्हतं, वेळच मिळाला नाही. पण एवढं एकच काम असं होतं की ते असते तर त्यांनी चुकू दिलं नसतं.

मी सुरी खाली ठेवली.

"भावजी, आयेच्या दिवसांत हंय घरात काय काय झाला?"

"काय होतला? जा होता ताच."

"भजन झाला की नाय?"

"झाला."

"मृदुंग कोणी वाजवल्यान?"

दीर गावच्या भजनात मृदुंग वाजवायचे, अजूनही वाजवतात.

"मीच."

"वाजवताना रडलास तुमी. मी दारात उभी होतंय, मी बघलंय. तुमच्या सोबतीक अख्खो गाव होतो. पेटी होती, टाळ होते. तेंच्याकडे काय होता सांगा? लोखंडाची बोट आणि दुसऱ्याची एक कॅसेट. तेंका पण चार दिवस रडाक येय नाय होता. त्या गाण्यान आयला. ह्या तुमका तेंनी सांगूक नाय, मी सांगतंय."

दीर उठून बाहेर खळ्यात गेले. मला वाटलं, रागावले. भटजी येऊन बसले, मुलाने सोवळं नेसलं, दिरांचा पत्ता नाही. मग आले ते हातात केळीचं नवीन पान घेऊन. मघाचं कोपऱ्यावर फाटलं होतं म्हणे.

"किती जण झाले आता?" मला विचारलं.

"चार."

"मगे पाच वडे घाल. परक्या मुलखातली माणसा, लाजतत. मागूची नाय."

भटजी नवे होते, तरुण. त्यांनी नावं विचारली. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी सांगितलं, नावं आम्हांला नीट येत नाहीत, गोत्र काश्यप. दीर मधेच म्हणाले, "गवई म्हणा. सगळे गवई." भटजींनी तसं म्हटलं. मुलाने पाणी सोडलं. पान पितरांच्या पानांपासून हातभर लांब ठेवलं, तेवढी अट दिरांनी राखली. मी कुरकुर केली नाही.

कावळे आले, कुत्रा आला, कोण काय घेऊन गेलं ते कुणी बघत बसलं नाही. माणसंही भुकेली होती.

जेवणं आटोपल्यावर दीर ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. मुलगा निघायची तयारी करत होता. त्याला हाक मारून म्हणाले, "रे, तुझो बापूस बोटीवर आयकी होतो ता गाणा तुझ्या मोबायलात गावतला?"

मुलाला कुठलं ते माहीत नव्हतं. मी गुणगुणून दाखवलं. शब्द नाहीत, नुसती गिटार, माझ्या म्हाताऱ्या आवाजात. मुलगा हसला, दोन-तीन चुकीची लावली, मग बरोबर लागलं. दिरांनी अडकित्ता थांबवला. गाणं सुरुवातीला अगदी हळू आहे, वाजतंय की नाही कळत नाही.

"ह्याच?"

"ह्याच," मी म्हटलं.

"मगे जरा मोठ्यान लाव रे. माका डाव्या कानान कमी आयकाक येता."