कोपरच्या हिराबाई आणि माझी रिंग

कोल्हापूरहून निघताना पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि एक डबा होता. डब्यात मीच बनवलेल्या सिलिकॉनच्या रिंगा. बायकांचं अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली घसरतं, तेव्हा ते वर धरून ठेवणारी ही रिंग. सहा वर्षं मी तिचे साचे करतो. वापरणारी बाई मात्र कधी पाहिली नव्हती.

ठाण्यात नौपाड्यातल्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी चहा मागवला. बाईला स्वतःलाच काढता-घालता येईल अशा रिंगेवर त्यांचं संशोधन चालू होतं. "काही जणी मध्येच सोडून देतात," त्या म्हणाल्या. "का, ते मला सांगत नाहीत. म्हणून तुम्हाला बोलावलं."

"मग मला सांगतील?"

"बनवणाऱ्याला कदाचित सांगतील."

वर्तकनगरच्या संघमित्राताई या संशोधनातल्या नर्स. त्यांच्या स्कूटरवर मागे बसून, खाडीचा पूल ओलांडून आम्ही कोपरला पोचलो. पुलाखाली ओहोटीचा चिखल चकाकत होता.

हिराबाई मासे विकायच्या. रिंग त्यांनी महिन्याभरातच बंद केली होती, आणि आता पाटी उचलवत नाही म्हणून बाजारही. मला पाहून त्या आत गेल्या. मी ओट्यावर बसलो; डबा ताईंनी आत नेला.

मग दाराआडून प्रश्न आला, "ही तूच करतंस?"

"हो मावशी."

"मंग येवरी गुळगुळीत कशाला? बोटाला धर गावत नाय (पकड मिळत नाही). काढाला गेली का सटकते. नर्सबायला किती येला बोलवू? लाज वाटते."

कुठे टोचू नये म्हणून मी तो साचा तासन्‌तास घासलेला.

थोड्या वेळानं हिराबाई स्वतःच बाहेर आल्या. नमुन्याच्या रिंगेला जाळ्याच्या दोऱ्याचा फास बांधून त्यांनी माझ्यापुढे धरला. "असा काय तरी लाव. वढली का आली." नजर खाडीकडेच होती.

जेवल्याशिवाय सोडलं नाही. तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं (चिखलात उड्या मारणाऱ्या खाडीतल्या माशांचं) कालवण. तिखटानं मला ठसका लागला, तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

कोल्हापुरात परतल्यावर नवा साचा केला, रिंगेलाच जोडलेल्या मऊ फासाचा. डॉक्टरबाईंनी तो तपासून होकार दिला. काही महिन्यांनी संघमित्राताईंचा फोन आला, "हिराबाई परत बाजारात बसतात. तुम्हाला निरोप आहे, फास एका पेरानं कमी कर."

मी कमी केला. सहा वर्षं त्या रिंगेची जाडी मी केसाइतकी बारीक मोजत आलो होतो, पण तिला धरणाऱ्या बोटांचा विचार कधी केला नव्हता. आता नवा नमुना निघाला की मी हाताला साबण लावतो आणि डोळे मिटून तो धरून बघतो.